सुंता, बाप्तिस्मा आणि एक पंगत : ख्रिस्ती धर्मात सुंतेचा अर्थ काय?

आजचा विषय असा आहे की नाव काढले की कुणी मान खाली घालतो, कुणी गालातल्या गालात हसतो. पण विषय दोन हजार वर्षांचा आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपलं जळकोट हे लातूर आणि नांदेडच्या शिवेवरचं गाव. इथे शेजारच्या मुसलमान घरात मुलाचा खतना झाला की गोडाधोडाचं आवतण येतं, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. म्हणून प्रश्न इथे सहज निघतो. बायबलमध्ये सुंतेची आज्ञा आहे, येशूची स्वतःची सुंता झाली होती, मग ख्रिस्ती लोक सुंता का करत नाहीत? आणि करत नसतील तर ती आज्ञा गेली कुठे?

सरळ उत्तर एका वाक्यात देता येते : ख्रिस्ती विश्वासात सुंता ही तारणाची अट नाही. पण एवढ्यावर थांबलो तर हाती काहीच लागत नाही. ते वाक्य ठरवताना पहिल्या पिढीत केवढा वाद झाला, आणि तोच वाद वेगळ्या वेषात आपल्या महाराष्ट्रात, गोव्यात कसा येऊन गेला, हे पाहिले तरच अर्थ कळतो. आज आपण तेच पाहू.

आधी शब्द पाहू

'सुंता' हा शब्द अरबी 'सुन्नत'वरून मराठीत आला. सुन्नत म्हणजे रीत, चालत आलेली वाट. बायबलचे मराठी भाषांतर झाले तेव्हा भाषांतरकारांनी नवा संस्कृत शब्द घडवून लादण्याऐवजी लोकांच्या तोंडी असलेला हाच शब्द घेतला. म्हणजे बघा, ज्यू परंपरेतला विधी, अरबी मुळाचा शब्द, मराठी वाक्य आणि ख्रिस्ती ग्रंथ. चार प्रवाह एका शब्दात.

दुसरा शब्द 'करार'. मराठी बायबलच्या दोन भागांना जुना करार आणि नवा करार म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. शेत बटईने देताना आपण करार करतो, तसा दोन पक्षांमधला शब्द. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण म्हणून घरातल्या प्रत्येक पुरुषाची सुंता करायला सांगतो. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी. त्या वेळी अब्राहाम नव्व्याण्णव वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा इश्माएल तेरा वर्षांचा. दोघांची सुंता एकाच दिवशी झाली, असे तिथे सांगितले आहे. आणखी एक गोष्ट विसरू नका. विकत घेतलेल्या दासांचीही सुंता करायची होती. म्हणजे ही खूण फक्त रक्ताच्या वारसांची नव्हती, सगळ्या घराची होती.

आता ही खूण साधी नव्हती. इ.स.पूर्व १६७ च्या सुमारास ग्रीक राजा अंत्युख चौथा याने यहुदी लोकांना सुंतेची बंदी केली. बाळाची सुंता केली म्हणून आयांना ठार मारण्यात आले, अशी नोंद मक्काबींच्या ग्रंथात आहे. ज्या खुणेसाठी आईने जीव दिला, ती खूण पुढच्या पिढीला प्राणापलीकडची वाटणारच. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचा वाद आपल्याला पोकळ कर्मकांडाचा वाटेल. तो तसा नव्हता.

कोकणातले आठव्या दिवसाचे घर

या खुणेचा जिवंत दाखला महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. कोकणात ते घाण्यावर तेल काढू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर. बोली मराठी, नेसणे मराठी. हिब्रू भाषा विसरली, ग्रंथ हाताशी राहिले नाहीत. तरीही काही गोष्टी टिकल्या. शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम, 'शमा'ची प्रार्थना आणि आठव्या दिवशीची सुंता.

याचा अर्थ काय? पुस्तक हरवले तरी शरीरावरची खूण हरवली नाही. लहान समाज मोठ्या समाजात विरघळून जाऊ नये, हे काम त्या खुणेने शतकानुशतके केले. सुंता म्हणजे आठवण आणि कुंपण, दोन्ही. आठवण हवीशी वाटते. कुंपण कुणाला आसरा देते आणि कुणाला बाहेर ठेवते. ख्रिस्ती धर्माचा सगळा प्रश्न या कुंपणापाशी सुरू होतो.

येशूची सुंता

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशूची सुंता आठव्या दिवशी झाली आणि त्याच वेळी नाव ठेवले, असे आहे. आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात, तसे. २५ डिसेंबरपासून मोजले तर आठवा दिवस १ जानेवारीला येतो. म्हणून पश्चिमेकडच्या चर्चमध्ये शेकडो वर्षे १ जानेवारी हा प्रभूच्या सुंतेचा सण होता. कॅथलिक चर्चने १९६९ च्या नव्या दिनदर्शिकेत तो दिवस देवमाता मरीयेच्या नावाने केला. पण अँग्लिकन आणि लुथरन परंपरेत त्या दिवशी येशूच्या नामकरणाची आणि सुंतेची आठवण अजूनही होते.

ख्रिस्ती विचारवंतांनी या घटनेचा अर्थ दोन बाजूंनी लावला. एक, येशू नियमशास्त्राच्या बाहेरून आला नाही. तो यहुदी घरातला यहुदी मुलगा होता आणि त्याने ते नियम स्वतःवर घेतले. दोन, देव खराखुरा माणूस झाला, त्याला रक्त होते, वेदना होती. येशूचे शरीर नुसता भास होते, असे म्हणणारे पंथ पहिल्या शतकांत होते. त्यांना हे उत्तर होते.

खरा वाद कुठे पेटला

येशूनंतर वीसएक वर्षांनी प्रश्न उभा राहिला. यहुदी नसलेले लोक, म्हणजे ग्रीक, सिरियातले, आशिया प्रांतातले, येशूवर विश्वास ठेवू लागले. अंत्युखिया शहरात दोन्हीकडचे लोक एकत्र जमत. यरुशलेमहून काही जण आले आणि म्हणाले, सुंता केल्याशिवाय तुमचे तारण नाही. म्हणजे आधी यहुदी व्हा, मग ख्रिस्ती.

इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात बैठक झाली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय तिची हकीकत सांगतो. पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा यांनी अनुभव सांगितले, शेवटी याकोबाने निर्णय मांडला. परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे टाकायचे नाही. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार, एवढ्या गोष्टी त्यांनी टाळाव्यात.

कागदावर निर्णय झाला. पण घोडे अडले पंगतीला. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल स्वतः सांगतो. पेत्र अंत्युखियात सुंता न झालेल्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसे आली तेव्हा तो भिऊन पंगतीतून बाजूला झाला. त्याला पाहून इतर यहुदी उठले, बर्णबासुद्धा गेला. आणि पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर विचारले, ही कसली वागणूक?

मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो, कोण वेगळा बसतो, कुणाच्या हातचे पाणी चालते, यावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या माणसाची किंमत ठरली. पौलाला जो राग आला तो सुंतेच्या विधीचा नव्हता. तुम्ही एका देवाची लेकरे म्हणता आणि ताटे दोन मांडता, याचा तो राग होता. आमच्या मते सुंतेबद्दलची ख्रिस्ती शिकवण समजून घ्यायची किल्ली इथे आहे.

शिक्का आधी की व्यवहार आधी?

पौलाने जो युक्तिवाद केला तो आपल्या दुय्यम निबंधक कचेरीतल्या उदाहरणाने चांगला कळतो. शेताचा व्यवहार आधी ठरतो. शब्द जातो, विश्वास बसतो. मग खरेदीखत होते, त्यावर शिक्का बसतो. शिक्का महत्त्वाचा आहे, पण शिक्क्याने विश्वास निर्माण होत नाही. आधीच ठरलेल्या गोष्टीची तो साक्ष देतो.

रोमकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हेच म्हणतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, ही गोष्ट उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा आली सतराव्या अध्यायात. म्हणजे विश्वास आधी, खूण नंतर. म्हणून अब्राहाम सुंता झालेल्यांचाही बाप आहे आणि न झालेल्यांचाही. पौलाने आज्ञा खोटी ठरवली नाही, तिचा क्रम दाखवून दिला.

आणि हा विचार पौलाने हवेतून काढला नव्हता. अनुवाद या पुस्तकात आणि यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात हृदयाची सुंता करा, असे सांगितलेलेच आहे. आत हट्ट तसाच ठेवून बाहेर खूण मिरवण्यात अर्थ नाही, हे यहुदी संदेष्टेच आधी म्हणाले होते. त्यामुळे यहुदी धर्म म्हणजे बाहेरचा आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे आतला, अशी वाटणी कुणी केली तर ती चुकीची आहे.

पौल स्वतः आठव्या दिवशी सुंता झालेला यहुदी होता. तीमथ्याची आई यहुदी आणि बाप ग्रीक होता. यहुदी वस्तीत काम करायला अडचण नको म्हणून पौलाने त्याची सुंता करवली. पण तीत हा पूर्ण ग्रीक होता. त्याच्यासाठी आग्रह धरला गेला तेव्हा पौल हटून बसला. वरवर यात विसंगती दिसते, पण तत्त्व एकच आहे. सोयीसाठी, प्रेमासाठी केलेली गोष्ट चालेल. तीच गोष्ट तारणाची अट म्हणून मागितली तर चालणार नाही. करिंथकरांना त्याने हेच सांगितले. सुंता झाली असेल तर ती लपवू नका, झाली नसेल तर करू नका. ज्या स्थितीत बोलावणे आले त्या स्थितीत राहा.

याचा एक दूरचा पडसाद मराठ्यांच्या इतिहासातही सापडतो. औरंगजेबाच्या ताब्यात गेलेल्या नेताजी पालकरांचे धर्मांतर झाले. १६७६ मध्ये ते शिवाजी महाराजांकडे परत आले आणि त्यांना स्वधर्मात घेण्यात आले. शरीरावर झालेली गोष्ट पुसता येत नाही, पण माणूस कुणाचा, हे केवळ शरीरावरून ठरत नाही, एवढे त्यातून दिसते.

पाण्याची खूण

मग करार राहिला, तर त्याची खूण कोणती? कलस्सैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाताने न केलेल्या सुंतेचा उल्लेख येतो आणि लगेच बाप्तिस्म्याचा. त्यावरून चर्चने बाप्तिस्म्याला सुंतेच्या जागी पाहिले. हा विचार इतका रुजला की तिसऱ्या शतकात आफ्रिकेतल्या एका बिशपने विचारले, बाळाचा बाप्तिस्मा सुंतेसारखा आठव्या दिवशीच करावा का? कार्थेजच्या सिप्रियनने सहासष्ट बिशपांच्या सभेच्या वतीने उत्तर कळवले : आठ दिवस थांबण्याची गरज नाही.

आजही लहान बाळांना बाप्तिस्मा देणारे मेथडिस्ट, कॅथलिक, सी.एन.आय. हे सुंतेचे साम्य दाखवतात. मुलाला कळण्याआधी करारात घेता येत होते, तर बाप्तिस्म्यात का नाही? बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळी म्हणतात, नाही, विश्वास आधी आणि खूण नंतर हाच तर पौलाचा मुद्दा आहे. दोन्ही बाजू त्याच अब्राहामाचा दाखला देतात, ही गंमत आहे.

या बदलात एक मोठी गोष्ट घडली. सुंता फक्त पुरुषांची होती. पाणी स्त्री-पुरुष दोघांवर पडते. करारात बाईचे नाव आता बापाच्या किंवा नवऱ्याच्या आडून लागत नाही, तिचे स्वतःचे लागते. आणि हेही स्पष्ट सांगायला हवे की मुलींच्या जननेंद्रियाला छेद देण्याच्या ज्या प्रथा काही देशांत आहेत, त्यांना बायबलमध्ये कसलाही आधार नाही.

चर्चने स्वतः कुंपण घातले तेव्हा

आता जरा कडू भाग. ज्या धर्माने सुंतेची अट काढली, त्याच धर्माच्या नावाने नव्या अटी आल्या. गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. ते १८१२ पर्यंत चालले. ज्यू घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्यांवर त्याची पहिल्यापासून नजर होती. सुंता केल्याचे आढळणे म्हणजे गुन्ह्याचा पुरावा. पुढे १७३६ मध्ये एक जाहीरनामा निघाला. नव्या ख्रिस्ती लोकांनी धोतर, चोळी वापरू नये, अंगणात तुळस ठेवू नये, इतकेच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये! यरुशलेमच्या बैठकीने जे ओझे उतरवले होते, ते इथे भाताच्या पातेल्यात जाऊन बसले.

त्याच चर्चमध्ये दुसरा सूरही होता. मदुराईत रॉबर्ट दि नोबिली या येशूसंघीय धर्मगुरूने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना शेंडी आणि जानवे ठेवू दिले. त्यावर १६१९ मध्ये गोव्यात मोठी सभा भरली, विरोध झाला. शेवटी १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी परवानगी दिली. पण इथेही आपण विचारायला हवे, जानवे टिकले तेव्हा जातीची पंगत मोडली की तीही टिकली? तिथे ती बरीचशी टिकली. म्हणजे खूण ठेवू देणे हे प्रत्येक वेळी उदारपण नसते. पौलाची कसोटी लावायची : या खुणेमुळे ताटे वेगळी होतात का?

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी ही कसोटी आपापल्या परीने लावली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी मांसाहार सुरू केला नाही. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी तिथल्या भगिनींशी घातला. ख्रिस्त हवा, इंग्रजीपण अट म्हणून नको. हा तीताचाच प्रश्न झाला, नाही का?

लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास उलट्या दिशेचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई बरीच वर्षे सोवळे पाळून राहिल्या. मग देवाने माणसे केली, जाती माणसाने केल्या, असे मनाशी पटले आणि त्यांनी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले. बाप्तिस्मा त्यानंतर. पंगत आधी मोडली, खूण मागून आली. 'स्मृतिचित्रे' वाचली असतील त्यांना हे ठाऊक आहे.

आणि टिळक स्वतः शेवटच्या काळात आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. सुंतेबद्दल पौलाने जे विचारले, ते टिळकांनी बाप्तिस्म्याबद्दल विचारले. बाप्तिस्मासुद्धा कुंपण होऊ लागला तर काय करायचे? चर्चमध्ये यावर मतभेद झाले, आजही आहेत. पण प्रश्न खरा होता.

आज प्रत्यक्षात काय चालते?

जगभर पाहिले तर चित्र एकसारखे नाही. इजिप्तमधले कॉप्टिक आणि इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मुलांची सुंता करतात. इथिओपियाचा राजा गलावदेवोस याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले की ही आमच्या देशाची चालरीत आहे, तारणासाठी नाही. कॅथलिक चर्चने १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत धर्मविधी म्हणून सुंता करण्यास मनाई केली. तरीही कॅथलिक बहुसंख्य फिलिपाइन्समध्ये ती सामाजिक रीत म्हणून होते, आणि अमेरिकेत अनेक दवाखान्यांत धर्माशी संबंध नसताना होते. भारतातल्या ख्रिस्ती घरांत साधारणपणे ही प्रथा नाही.

कुणाच्या मुलाला कातडी मागे न सरकण्याचा त्रास असेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, तर डॉक्टर ही शस्त्रक्रिया सुचवतात. अशा वेळी ख्रिस्ती आईबापांनी पाळकाची परवानगी मागायची गरज नाही आणि मनात अपराधही धरायचा नाही. तो वैद्यकीय निर्णय आहे. उलट बाजूने, कुणी येऊन सांगू लागला की बायबलमध्ये आहे म्हणून सुंता केल्याशिवाय तुमचा विश्वास अपुरा, तर त्याला यरुशलेमच्या बैठकीचा निर्णय वाचून दाखवावा.

शेवटी एक. आजच्या काळात खूण शरीरावर कमी आणि कागदावर जास्त असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती त्यात नाहीत. त्यामुळे मराठवाड्यातल्या दलित ख्रिस्ती माणसाला दाखल्यावर काय लिहायचे हा प्रश्न पोराच्या शिष्यवृत्तीपर्यंत, नोकरीपर्यंत जाऊन भिडतो. गाव त्याला जातीने ओळखते, मंडळी बाप्तिस्म्याने ओळखते, सरकार कागदाने ओळखते. तीन खुणा, माणूस एक. या प्रश्नाचे उत्तर सुंतेच्या वादात तयार मिळणार नाही, तो कायद्याचा प्रश्न आहे. पण मंडळीने आपल्यापुरते काय करायचे, हे मात्र अंत्युखियात ठरले आहे. कुणाच्या अंगावर कोणती खूण, कुणाच्या कागदावर कोणती नोंद, हे विचारण्याआधी त्याला पंगतीत जागा द्यायची, आणि बाहेरून कोणी आले म्हणून मधूनच उठायचे नाही.

प्रश्न असतील तर आता विचारा. वेळ आहे.